अब्लेशन झालं म्हणून गोळी बंद करू नका

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आणि त्यावरच्या अब्लेशन या उपचाराबद्दलच्या तुमच्या लेखात ‘अब्लेशननंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपासून सुटका होते’ असं वाक्य आहे, ते कृपया दुरुस्त करा. हे वाचून कुणीतरी स्वतःच गोळी सोडेल. रेडिओफ्रिक्वेन्सीनं भाजा, क्रायोबलूननं गोठवा किंवा नवीन पल्स्ड फील्ड (विजेचे अतिसूक्ष्म झटके) वापरा, फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या शिरांच्या मुखाभोवती व्रण करून चुकीचे विद्युत संदेश अडवायचे, हे तिन्हींत सारखंच. (हे संदेश या शिरांतून उठतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं.) ताज्या व्रणांमुळे गुठळीचा धोका असतो, म्हणून पहिले दोन-तीन महिने तरी गोळी लागतेच. पुढचं ठरतं ते वय, बीपी, शुगर, आधी झालेला पक्षाघात यांवर. नाडी सरळ झाली का यावर नाही.

माझ्या वडिलांचं अब्लेशन पुण्यात झालं. वय सत्तरीपुढचं, बीपी आणि शुगर दोन्ही. सोलापूरला परतल्यावर दम लागणं थांबलं, तसे भेटायला येणारे सगळे म्हणायचे, “काका, आता कशाला गोळ्या?” डॉक्टरांनी मात्र रक्त पातळ करणारी गोळी कायम ठेवली, कारण फिब्रिलेशन काही न जाणवताही परत येऊ शकतं.

आणखी एक गोष्ट लेखात हवीच होती. अब्लेशननंतर काही आठवड्यांनी ताप आला, गिळताना दुखलं, तर क्वचित अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते. आमच्यासारखे लोक अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात जातात. तिथे आधी अब्लेशन झाल्याचं सांगा, एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करू देऊ नका आणि लगेच ज्यांनी अब्लेशन केलं त्यांना फोन करा.