"फक्त टर्बो बदला, दीडशे घोडे मिळवा" म्हणे!

भाच्यानं परवा रात्री साडेअकराला एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "मामा, करू का?" पोरानं नुकतीच सेकंडहँड फियाट लिनिया टी-जेट, म्हणजे टर्बोवाली पेट्रोल गाडी, घेतलीय, त्यामुळं सध्या झोपेत पण टर्बोच दिसतोय त्याला (टर्बो म्हणजे इंजिनातनं निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा दाबणारा पंखा). फॉरवर्ड तुमच्याकडंही येऊन गेला असेल, थोडक्यात असा: कंपनी मुद्दाम पॉवर दाबून ठेवते, फक्त मोठा टर्बो बसवा, बाकी काही बदलायची गरज नाही, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आपोआप शिकतो, ११४ चे १५० घोडे (हॉर्सपॉवर) होतात, वर मायलेज पण वाढतं, ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून ऑक्टेनचं (गरमीनं आपोआप न पेटायच्या पेट्रोलच्या ताकदीचं) टेन्शन संपलं, आणि टर्बोला गरमीचा फरक पडत नाही कारण हवा दाबूनच आत जाते. खर्च चाळीस हजार. शेवटी आगीच्या तीन इमोजी.

इमोजी तेवढ्या बरोबर आहेत.

गरमीपासनं सुरू करतो, कारण हे वाक्य ज्यानं लिहिलंय तो मे महिन्यात दुपारी दोनला सोलापुरात सात रस्त्यावर सिग्नलला उभा राहिलेला नाही एवढं नक्की. हवा दाबली की तापते, सायकलला हवा भरताना पंप खालून हाताला लावून बघा. आता आपल्याकडची ४३ अंशाची हवा घ्या, एक बार बूस्टनं (म्हणजे टर्बोच्या तेवढ्या जादा दाबानं) दाबा, टर्बो ७० टक्के एफिशियंट धरा (हे चांगलं धरतोय), तर बाहेर पडताना ती १४५ अंशाच्या आसपास असते. इंटरकूलरनं (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) त्यातली वरची ७० टक्के गरमी काढली तरी इंजिनात ७४ अंशाची हवा जाणार. तेच डिसेंबरात सकाळी २० अंशाला हिशोब केला तर ४८ येतात. म्हणजे गाडी तीच, टर्बो तोच, ट्यून तोच आणि आत जाणाऱ्या हवेत २६ अंशांचा फरक, आणि हे सगळं गाडी पळत असताना, ट्रॅफिकमधी उभी असली की इंटरकूलरला वाराच नाही, वर एसीचा कंडेन्सर शेजारी बसून त्याला शेकत असतोय. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासनं साडेचारशे मीटर वर, म्हणजे हवेचा दाब मुळातच पाचेक टक्के कमी, तेवढं भरून काढायला टर्बोला अजून जोरात फिरावं लागतंय.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा बूस्ट एका गॅरेजवाल्यानं साधा व्हॉल्व्ह लावून वाढवून दिला होता, ईसीयूला हात न लावता. थंडीत गाडी अशी पळायची की काय सांगू, पुण्याला दोनदा जाऊन आलो, मीच लोकांना सल्ले द्यायला लागलो होतो. मग एप्रिलच्या शेवटी तुळजापूरला निघालो, चौघं जण, एसी चालू, घाटात चौथ्या गिअरलाच दाबत गेलो आणि बोनेटखालनं खडखड ऐकू यायला लागली. मला वाटलं पत्रा हलतोय काहीतरी. नॉकिंग होतं, म्हणजे ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच पेट्रोल गरमीनं आपोआप पेटत होतं. इंजिन खोललं तर एका पिस्टनची रिंगा बसतात तिथली कड तुटलेली. गॅरेजवाला म्हणाला पेट्रोल खराब होतं. बायको अजून पण तुळजापूरचं नाव निघालं की माझ्याकडं बघते.

"बाकी काही बदलायची गरज नाही" याचं गणित तर पाचवीतलं पोरगं पण करंल. ११४ वरनं १५० म्हणजे ३२ टक्के जास्त पॉवर, म्हणजे अंदाजे तेवढीच जास्त हवा, आणि तेवढंच जास्त पेट्रोल. टर्बो हवा आणून देईल, पेट्रोल कोण आणणार? इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) फुल लोडला ७५ टक्के वेळ उघडा असेल असं समजा, त्याला ३२ टक्के वाढवलं की ९९ झाले, म्हणजे इंजेक्टर बंद व्हायला वेळच उरला नाही, आणि जाणकार लोक ८०-८५ च्या पुढं न्यायचं नाही म्हणतात. मग वरच्या आरपीएमला मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), लीन म्हणजे अजून गरम, आणि मग परत माझा तुळजापूरचा घाट. क्लच पण आला यात. ११४ घोड्यांसाठी लावलेला कंपनीचा क्लच घसरायला लागला की पाचव्या गिअरला आरपीएम वर जातो आणि गाडी जागेवर, तेव्हा चाळीस हजाराचा आकडा आठवून बघा.

आता ई-२०. इथं फॉरवर्डवाला अर्धा बरोबर आहे हे मान्य करावं लागंल. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, साधं पेट्रोल ९१ होतं आणि ई-२० ९५ च्या घरात जातं असं सरकार सांगतं, शिवाय इथेनॉल वाफ होताना जास्त गरमी ओढून घेतं, म्हणजे नॉकिंगला मदतच. पण एका लिटरमधी इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळं ई-२० मधी तेवढ्याच कामाला सहा-सात टक्के जास्त तेल ओतावं लागतं. वरचा ९९ वाला इंजेक्टर आठवा. तो आता १०० च्या पार गेला. म्हणजे ऑक्टेननं दिलं ते इंजेक्टरनं घेतलं. आणि बाबांनो, एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-२० साठी बनवलेल्याच नाहीत, जुन्या लिनियाचे रबरी पाइप आणि सील आधी बघा, रेसचं नंतर बघू.

ईसीयू आपोआप शिकतो, हो, शिकतो, पण थोडंच. फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलची मात्रा, काही टक्के इकडं-तिकडं करतो, जुना फिल्टर, थोडं वेगळं पेट्रोल, असलं सांभाळायला. वेगळा टर्बो बसवला हे त्याला कुणी सांगितलेलं नसतंय, त्याला फक्त दिसतं की ठरल्यापेक्षा जास्त दाब आला, आणि तो पॉवर कापून चेक लाइट लावतो. मायलेजबद्दल तर बोलायलाच नको. मोठा टर्बो घेऊन ज्याचा पाय हलका राहिला असा माणूस मला अजून भेटायचाय.

"कंपनी पॉवर दाबून ठेवते" हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण पुरावा फॉरवर्डवाल्याच्या बाजूनं आहे असं वाटतं. लिनिया टी-जेटला १.४ इंजिन, ११४ घोडे. तेच १.४ टी-जेट २०१५ ला आलेल्या फियाटच्याच अबार्थ पुंटोमधी १४५ घोड्यांचं. बघा, दाबून ठेवलंच होतं की! थांबा बे. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, बघा. लिनियाचा २०७ न्यूटन मीटर, अबार्थचा २१२. घोडे ३१ वाढले आणि टॉर्क फक्त पाच. म्हणजे कंपनीनं खालचा धक्का वाढवलाच नाही, तोच टॉर्क वरच्या आरपीएमपर्यंत टिकवून धरला. गिअरबॉक्स, क्लच आणि पिस्टनला मारतो तो खालचा टॉर्क, वरचे घोडे नाही. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीसाठी माइल्ड अपग्रेडचा अख्खा धडा या दोन आकड्यात आहे, आणि गल्लीतले ट्यूनर बरोबर उलटं करतात, अडीच हजार आरपीएमला बूस्टचा डोंगर उभा करतात, कारण टेस्ट राइडला गिऱ्हाईक तिथंच खूश होतं.

आणि टर्बो खरंच मोठा घेतला तर दुसरं दुखणं. मोठं चाक फिरायला जास्त धूर लागतो, बूस्ट उशिरा येतो. मोहोळच्या पुढं ऊसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना तुम्हाला ताकद दोन हजारला पाहिजे असते, ती तीन हजारला आली तर समोरनं एसटी पण आलेली असते.

कायद्याचं फॉरवर्डमधी एक अक्षर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमधी असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ खाली मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलं तर क्लेमच्या वेळी तोच तुमचं इंजिन तुमच्यापेक्षा बारकाईनं बघणार.

भाच्याला म्हणलं, रविवारी गाडी घेऊन ये, चाळीस हजार घरी ठेव. बंपर काढला. पोरगं गाडी अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडशेजारी लावतंय, इंटरकूलरच्या जाळीत कापसाचे पुंजके, धूळ, पाचट, दोन-चार फुलपाखरं, अर्धी जाळी बंद. टर्बोकडनं येणाऱ्या पाइपाला बोटभर चीर आणि एक क्लॅम्प नुसता अडकवलेला. म्हणजे ज्या गाडीला दीडशे घोडे पाहिजे होते तिचे ११४ पण पूर्ण येत नव्हते. पाइप बदलला, जाळी हळू पाण्यानं धुतली, प्लग नवीन टाकले, ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी सॉकेटला) मोबाइल जोडून तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन आलो, येताना भाचा एक शब्द बोलला नाही, नुसता हसत होता. घरी येऊन ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं तर आतलं तेल काळं, जणू कोरा चहा. पुढचा रविवार त्याचा.