दिसलंच नाही भाऊ! होतकरू चालकांसाठी मेंदूचे काही धडे

परवा अंधार पडल्यावर दारव्ह्याहून दिग्रसकडे येताना एका हडंब्यावर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या मळणी यंत्रावर, आदळता आदळता वाचलो. मागे ना लाल दिवा, ना रेडियम. समोरून अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारत एक बोलेरो. ट्रॅक्टरवाल्याला गाठून विचारलं, तर शांतपणे म्हणतो, "तुमाले दिसलं नाही, त्याले मी काय करू?" तेव्हा पटलं, आपल्याकडचा चालक जन्मजात मानसशास्त्रज्ञ असतो. नवख्यांनीही हे शास्त्र शिकून घ्यावं.

आधी स्वतःला जिल्ह्यातला सर्वोत्तम ड्रायव्हर समजा. मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ९३ टक्के जणांनी गाडी चालवण्यात आपण निम्म्या लोकांपेक्षा सरस आहोत, असं सांगितलं होतं. उरलेले ७ टक्के आपल्या पानठेल्यावर शोधूनही सापडायचे नाहीत.

फोन आला की उचला. कानात ब्लूटूथ असला की मेंदू मोकळा, असं खुशाल धरून चाला. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की फोन हातात असो वा नसो, बोलण्यात गुंतलेल्याचे सिग्नल तितकेच चुकतात. पण आपल्या तालुक्यात सिग्नल आहे कुठे?

काळी-पिवळी भरली की ड्रायव्हरच्या उजवीकडेही एक सीट घ्या.

समृद्धीवरून गावात उतरलात तरी वेग तोच ठेवा. तासभर १२० ने आल्यावर ७० म्हणजे बैलबंडी वाटते, कारण नजर वेगाला सरावलेली असते. तिचंच ऐका, शाळा सुटलेली पोरं काय, होतील बाजूला.

आता मुख्य धडा. सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लोकांना एक चित्रफीत दाखवून चेंडू किती वेळा फेकला ते मोजायला लावलं. मधूनच गोरिलाच्या वेषात एक बाई आली, छाती बडवून गेली. जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे, पण लक्ष मोजणीत! यावरून आपण काय घ्यायचं? की कपाशीची ट्रॉली जिनिंगला नेताना मागे दिवा लावायची गरज नाही, एवढं मोठं धूड कुणालाही दिसेल. सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळत घाला, भोवती दगड मांडा, मग सोयाबीन घरी न्या आणि दगड रस्त्यालाच दान करा. समोरून कुणी आला की अप्पर, वरून एलईडीचा बार. त्याचे डोळे दिपले की तो काही क्षण आंधळा. साठच्या वेगात सेकंदाला १७ मीटर गाडी पुढे जाते, आणि धोका ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखाद-दीड सेकंद निघून गेलेला असतो. तेवढ्या जागेत हडंबा मावतो, ट्रॅक्टरसकट! आणि त्याच ट्रॅक्टरवर पुढे रंगीबेरंगी लाइटा, मडगार्डवर 'आईचा आशीर्वाद', टपावर दोन भोंगे, गाणं तर शेजारच्या गावाला ऐकू जाईल एवढं. या सगळ्याला पैसा आहे. मागे लाल पट्टी चिकटवायची म्हटली की मात्र हंगाम खराब गेलेला असतो!

बस झाली थट्टा. मेंदूला दिसत नाही, हे शोधणाऱ्यांनी तुला सबब दिलेली नाही, बाबा. लक्ष दुसरीकडे असलं की समोरचंही निसटतं, म्हणूनच दिवा लावायचा, डिप्पर द्यायचा, ट्रॉली रस्त्यात सोडून चहाला जायचं नाही. तुझे बैल अंधारात रस्त्यावर मोकळे सोडशील का बे? मग बाजारातून घरी निघालेल्या दुचाकीवरचं माणूस काय फुकटचं आहे? उद्या त्याच्या मयतीला तूच टोपी घालून पुढे बसशील आणि म्हणशील, "पोरगं लय जोरात चालवत होतं म्हणे." लाज वाटू दे थोडी. रेडियम लागेस्तोवर तो हडंबा अंगणाबाहेर काढू नको.