सुटलेलं पोट प्रोस्टेटची राखण करत नाही

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. पोट सुटलेल्या पुरुषांना त्यात दिलासा दिलाय. म्हणणं थोडक्यात असं: लठ्ठ पुरुषांत प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या पुरुष-ग्रंथीचा) कॅन्सर कमी आढळतो, हे अमेरिकेत सिद्ध झालंय, त्यांचं पीएसए (या ग्रंथीतून रक्तात येणारं, कॅन्सरच्या संशयासाठी मोजलं जाणारं प्रथिन) कमी असतं, चरबीमुळे टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि त्यावर पोसणारा कॅन्सर उपाशी मरतो, लठ्ठपणामुळे होणाऱ्या कॅन्सरच्या जागतिक यादीत प्रोस्टेटचं नाव नाही, आणि झालाच कॅन्सर, तर अंगावरचे चार किलो आजारपणात कामाला येतात.

यातलं एकही विधान निव्वळ हवेतून आलेलं नाही. प्रत्येकात खरा धागा आहे, म्हणून शिकलेली माणसंही भुलतात. धागा कुठे तुटतो तेवढं पाहू.

‘लठ्ठ पुरुषांत कॅन्सर कमी आढळतो.’ अर्धं खरं आहे. अमेरिकेत १९९३ साली सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५५ वर्षांवरच्या सुमारे १९ हजार पुरुषांना घेतलं होतं. फिनास्टराइड ही गोळी प्रोस्टेट कॅन्सर टाळते का, हा मूळ प्रश्न होता. पण त्या चाचणीची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. सात वर्षांनी पीएसए कितीही असो, सगळ्यांना बायोप्सी (सुईने ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं) सुचवली गेली. एरवी बायोप्सी होते ती पीएसए वाढलेल्यांची. इथे न वाढलेल्यांचीही झाली, त्यामुळे एरवी नजरेतून सुटणारा रोगही मोजता आला.

त्या माहितीचं विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांत, सडपातळ पुरुषांच्या तुलनेत, मंद गतीच्या कॅन्सरची शक्यता १८ टक्क्यांनी कमी निघाली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा इथेच वाचन थांबवलं. त्याच निष्कर्षात पुढे आहे की आक्रमक कॅन्सरची शक्यता २९ टक्क्यांनी जास्त होती, आणि ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक, याची श्रेणी) ८ ते १० या सर्वांत वाईट गटात ती ७८ टक्क्यांनी जास्त होती. मंद गतीचा प्रोस्टेट कॅन्सर घेऊन माणूस वीस वर्षं जगतो आणि शेवटी दुसऱ्याच कारणाने जातो. बहुतेक मृत्यू आक्रमक प्रकाराने होतात. म्हणजे कमी झाला तो फारसा न मारणारा, आणि वाढला तो मारणारा. याला संरक्षण म्हणायचं असेल तर म्हणा.

मृत्यूंचे आकडेही हेच सांगतात. अमेरिकेतल्या चार लाखांहून जास्त पुरुषांच्या पाहणीत (२००३) बीएमआय ३५ ते ४० असलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू सामान्य वजनाच्या पुरुषांपेक्षा ३४ टक्के जास्त होते. ब्रिटनमधल्या दोन लाखांहून जास्त पुरुषांच्या माहितीवरचं, इतर अभ्यासांचीही बेरीज करणारं काम २०२२ मध्ये आलं. त्यात कंबर १० सेंटिमीटरने वाढली की प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यूचा धोका साधारण ७ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. सात टक्के हा काही छाती दडपणारा आकडा नाही, तो फुगवून सांगायचं कारण नाही. पण त्याची दिशा फॉरवर्डच्या बरोबर उलटी आहे. आणि आपल्याकडे हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे, अशी अंगकाठी घरोघरी दिसते. अशा माणसाचा बीएमआय २५ च्या आतही बसतो, त्यामुळे काट्यापेक्षा टेप त्याच्याबद्दल जास्त खरं बोलतो.

‘पीएसए कमी, म्हणजे प्रोस्टेट ठणठणीत.’ मला सगळ्यात जास्त खटकलेला मुद्दा हा, कारण यावर विसंबून लोक तपासणी टाळतात. जाड माणसाच्या अंगात रक्तही जास्त असतं. अमेरिकेतल्या प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या तेरा हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात (२००७) बीएमआय ३५ च्या वरच्या पुरुषांत रक्तद्रव २० टक्क्यांहून जास्त होता आणि पीएसएची पातळी ११ ते २१ टक्क्यांनी कमी होती. ग्रंथीतून पीएसए साधारण तेवढंच बाहेर पडत होतं. चमचाभर साखर पेल्याऐवजी तांब्याभर पाण्यात टाकली की पाणी कमी गोड लागतं, तसंच. बऱ्याच ठिकाणी ४ ही संशयाची रेघ मानतात. ज्याचा आकडा एरवी ४.५ आला असता, त्याचा वजनामुळे ३.७ येतो. प्रयोगशाळेच्या कागदावर तो ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतो आणि घरी पेढे येतात.

भर म्हणजे, गुदमार्गातून बोटाने करायची तपासणी जाड माणसात अवघड जाते, गाठ हाताला लागत नाही. लठ्ठ पुरुषांची प्रोस्टेट बऱ्याचदा मोठीही असते, आणि मोठ्या ग्रंथीत बायोप्सीची सुई नेमक्या जागी पोहोचायची शक्यता घटते. तिन्ही अडथळे एकाच दिशेने काम करतात: रोग उशिरा सापडतो. रोग हाडांत पसरल्यावर, कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसात प्रोस्टेट कॅन्सर निघणं आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही.

‘टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणून कॅन्सर उपाशी.’ या कल्पनेचं मूळ मात्र थोर आहे. वृषणं काढली की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही हार्मोनची इंजेक्शनं त्याच तत्त्वावर देतात. पण तिथे टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली, शक्य तर २० च्या खाली न्यावं लागतं. ढेरीमुळे ते पाचशेवरून साडेतीनशेवर आलं, तर कॅन्सरच्या पेशींना फरक पडेल असं मानायला आधार नाही. प्रोस्टेटची भूक त्याहून पुष्कळ कमी पातळीवरच भागते. शिवाय त्याच चरबीमुळे इन्सुलिन चढं राहतं, लेप्टिन हे चरबीतून येणारं हार्मोन वाढतं, अंगात बारीक दाह चालू राहतो. ट्यूमरला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी म्हणून संशोधक याच गोष्टींकडे बोट दाखवतात.

‘यादीत नाव नाही.’ खरंच नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०१६ च्या यादीत १३ कॅन्सर आहेत आणि त्यांत प्रोस्टेट नाही. पण त्याच तज्ज्ञांनी ‘जीवघेण्या प्रोस्टेट कॅन्सर’साठी मर्यादित पुरावा असल्याची नोंद केली आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीने तर २०१४ मध्येच, वाढलेल्या चरबीमुळे पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका ‘बहुधा’ वाढतो, असं म्हटलं. आणि यादीचाच दाखला द्यायचा तर मोठं आतडं, मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत, पित्ताशय ही नावंही वाचावीत. ती त्याच पोटात असतात.

‘अंगावरचं वजन आजारपणात कामाला येतं.’ अन्ननलिका किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये माणूस खंगतो, ते पाहून ही समजूत रुजली असावी. प्रोस्टेटचा रुग्ण हार्मोन उपचारांवर असताना बहुतेकदा उलट होतं: पहिल्याच वर्षात चरबी वाढते, स्नायू घटतात, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. या रुग्णांत हृदयविकार हे मृत्यूचं मोठं कारण असतं. आधीचे चार किलो तिथे शिदोरी ठरत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा चढण्याचं, म्हणजे रोग परतल्याची खूण दिसण्याचं, प्रमाणही लठ्ठ रुग्णांत जास्त आढळलं आहे.

आता उलटा मजकूरही फिरतोच: पोट कमी करा, प्रोस्टेट कॅन्सर टाळा. तोही तितकाच पोकळ आहे. वय, वडिलांना किंवा भावाला झालेला रोग, बीआरसीए-२ सारख्या जनुकातला दोष, या गोष्टी वजनापेक्षा कितीतरी भारी पडतात, आणि रोज टेकडी चढणाऱ्या काटकुळ्या माणसालाही हा कॅन्सर होतो. लठ्ठपणामुळे हा कॅन्सर सुरू होतो असं जनुकांवर आधारलेल्या अभ्यासांतूनही ठामपणे निघालेलं नाही. पीएसएचा रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना आपलं वजन, कंबरेचं माप, वडिलांचा आणि भावांचा आजार सांगा. प्रोस्टेट वाढल्यावर देतात त्या फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्या गोळ्यांनी पीएसए निम्म्यावर येतं.