'दूध साठू द्या, मगच पाजा' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

'अंगावरचं दूध वाढवण्याचे नऊ नियम' असा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतोय. 'प्रत्येक बाळंतिणीपर्यंत पोहोचवा' असं त्याच्या शेवटी लिहिलंय. माझ्या भाचीला बाळंत होऊन चार दिवस झाले होते, तेवढ्यात तिला तो तिघींनी पाठवला. तिघींनाही तिचं भलंच हवं आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. कारण यातले पहिले सात नियम नेमाने पाळले तर दूध वाढणार नाही, आटेल. मग घरातले सगळे म्हणतील, "हिच्या अंगावर दूधच नाही."

मेसेज थोडक्यात असा: १) पहिले तीन दिवस चीक पिळून टाका, तोवर मध चाटवा. २) दूध साठू द्या, चार चार तासांनीच पाजा. ३) मधे रडलं तर उकळलेलं पाणी द्या. ४) रोज गुटी द्या, बाळ शांत झोपतं. ५) तरी रडलं तर दूध कमी आहे, पिळून बघा, वाटी भरली नाही तर वरचं दूध सुरू करा. ६) पातळ, निळसर दूध निकस असतं. ७) आईला ताप आला किंवा गाठ झाली तर पाजणं बंद. ८) डिंक, अळीव, शतावरीने दूध दुप्पट होतं. ९) आईने दही-केळं खाल्लं तर बाळाला सर्दी होते.

दुसऱ्या नियमापासून सुरुवात करते, कारण सगळं नुकसान तिथून सुरू होतं.

"साठलं की जास्त येतं." ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. गाभण गाय आटवायची असेल तर काय करतात? धार काढणं बंद करतात. कास तट्ट भरते, दोन-चार दिवस तशीच राहते आणि दूध उतरायचं थांबतं. ही तुलना कुणाला आवडणार नाही, पण बाईच्या शरीरातही हेच घडतं. स्तनात दूध तुंबून राहिलं की तिथल्याच पेशींना दूध बनवणं कमी करण्याचा इशारा मिळतो. स्तन जितका भरलेला, तितकं नवं दूध हळू बनतं; जितका रिकामा, तितकं भराभर. बाळ ओढतं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिनने पान्हा फुटतो. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. त्यामुळे "रात्री आईला झोपू दे, बाळाला बाटली दे" ही प्रेमाने केलेली सोयसुद्धा सुरुवातीच्या आठवड्यांत दुधाच्या मुळावर येते.

आता हिशेब करा. चार तासांनी पाजलं तर २४ तासांत सहा वेळा होतं. नवजात बाळाला ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, आणि तेही समान अंतराने नाही. संध्याकाळी कित्येक बाळं दोन-तीन तास जवळजवळ सलग पितात. पितात, सोडतात, कुरकुरतात, पुन्हा पितात. त्या वेळी आईला वाटतं की आपण रिकाम्या झालो. प्रत्यक्षात बाळ पुढच्या दिवसांचं दूध मागून ठेवत असतं. साधारण दोन-तीन आठवड्यांनी आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे जास्त जाणवतं. नेमक्या त्याच दिवसांत घड्याळ लावलं तर शरीराला निरोप जातो की एवढं दूध नकोय.

यात अर्धं खरं एवढंच की घड्याळाचा एक उपयोग आहे, पण तो उलट्या बाजूने. बाळ कमी वजनाचं असेल, कावीळ असेल, गुंगीत झोपत असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत तीन तासांहून जास्त झोपू देऊ नये. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा, उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवा. 'तीन तासांच्या आत पाजा' हा नियम आहे. 'चार तास होईपर्यंत पाजू नका' असा नियम कुठेही नाही.

साठवण्याचा दुसरा परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक उतरतं आणि ४८ ते ७२ तासांच्या आसपास दूध भरून येतं. तेव्हाच पाजण्यात अंतर पडलं तर स्तन दगडासारखे होतात, निपलच्या भोवतीचा काळा भाग तट्ट ताणतो आणि बाळाच्या तोंडात नीट बसत नाही. बाळ नुसत्या टोकाला चावतं, चिरा पडतात, आई कळवळते, मग पाजणं आणखी टळतं. अशा वेळी बोटांची टोकं निपलच्या भोवती ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने आत दाबून धरा. काळा भाग मऊ पडतो. थोडं दूध हाताने काढा आणि लगेच बाळाला लावा. गरम फडक्याचा शेक पाजण्याआधी दोन मिनिटं पुरे. पाजून झाल्यावर थंड फडकं ठेवा, सूज उतरते. तासभर शेकत बसलात तर सूज वाढते.

आता पहिला नियम. चीक पिवळट, दाट आणि थोडा असतो. "एवढ्याशा थेंबांनी काय होणार" असं म्हणून तो टाकतात. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिली लागतं, म्हणजे चहाचा एक चमचा. संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडं त्यात भरपूर असतात, आणि पोटातली काळी शी बाहेर पडायला तो मदत करतो. बाळाला जन्मानंतर तासाभरात छातीला लावायला हवं, सिझेरियन झालं असेल तरी. आईला बसता येत नसेल तर कुशीवर वळवून, बाळाला बाजूला झोपवून पाजता येतं. देशात तासाभराच्या आत पाजल्या जाणाऱ्या बाळांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ४१.८ टक्के होतं. प्रसूती दवाखान्यात होऊनही निम्म्याहून जास्त बाळं या पहिल्या तासाला मुकतात, आणि अशा मेसेजमुळे त्यांत भरच पडते.

मधाबद्दल अगदी स्पष्ट सांगते: एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटभरही नको. मधात बोटुलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना वाढू देत नाही, बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, चोखणं मंदावतं, श्वासापर्यंत प्रकरण जातं. मध घरच्या पोळ्याचा असला तरी हा धोका कमी होत नाही.

पाणी. "विदर्भातल्या उन्हात बाळाचा घसा सुकेल" हे मेसेजमध्ये मुद्दाम लिहिलंय. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात हे तपासून झालंय. तो अभ्यास १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना पाण्याची कमतरता पडली नाही, आणि ज्यांना वरून पाणी दिलं ती बाळं आईचं दूध कमी प्यायली. सगळा मुद्दा यातच आहे. पोटात गेलेलं प्रत्येक चमचा पाणी तेवढ्या दुधाची जागा घेतं. बाळ कमी ओढतं, दूध कमी बनतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजा आणि पाण्याचा तांब्या आईच्या हाताशी ठेवा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला पाणी नाही. डॉक्टरांनी दिलेले 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब मात्र बंद करू नका, ते 'वरचं' यात मोडत नाहीत.

गुटीवर बोललं की घरात वाद होतो, तरी बोलायला हवं. सहाणेवर जायफळाचे दोन वळसे, वेखंडाचा एक, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा. किती उगाळलं गेलं हे मोजायला काही साधन नाही. हात जड पडला की मात्रा वाढते. जायफळाने गुंगी येते. "गुटी दिली की चार तास शांत झोपतं" असं कौतुकाने सांगतात, तेव्हा त्या चार तासांत एक-दोन वेळचं पिणं चुकलेलं असतं. महिनाभर असं चाललं की बाळाचं वजन थबकतं आणि आईचं दूध उतरतं, आणि दोष मात्र आईच्या अंगावर येतो. त्यातच सहाणेच्या खाचांमध्ये कालची ओल राहिलेली असते, त्यातून जुलाब होतात.

पाचवा नियम सगळ्यात जास्त बाळांना बाटलीकडे नेतो. वाटीत पिळलेलं दूध मोजून अंगावरचं दूध कळत नाही. हाताने किंवा पंपाने बाळाइतकं दूध निघत नाही. घाबरलेल्या आईचा पान्हाही लवकर फुटत नाही. रडणंही माप नव्हे, बाळ ओलं झालं, उकडलं, उचलून हवं असलं तरी रडतं. सहा आठवड्यांनंतर स्तन मऊ लागायला लागले म्हणजे दूध आटलं असंही नाही. मागणी आणि पुरवठा जुळला की तसंच होतं.

खरं माप लंगोटात दिसतं. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, शू फिकट रंगाची. शी आधी काळी, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, मोहरीच्या दाण्यांसारखी. वजन पहिल्या काही दिवसांत उतरतं, ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर चिंता नको, १० टक्क्यांकडे जायला लागलं तर पाजणं तपासून घ्या. १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि पुढे पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढ. वजन दर वेळी एकाच काट्यावर, बाळाला उघडं करून घ्या, नाहीतर दुपट्याचं वजन मोजलं जातं.

हे माप खाली येत असेल तर आधी तोंडाची पकड बघा. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक निपलसमोर. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की पटकन जवळ ओढा. आईने वाकून बाळाकडे जायचं नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसतो. सावकाश चोखणं आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज. तोंडातून निघालेलं निपल चपटं, लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं असेल तर पकड चुकली. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा, पुन्हा लावा.

सहावा नियम: दूध सुरुवातीला पातळ असतं आणि स्तन रिकामा होत जातो तशी साय वाढते. एक बाजू पुरती पिऊ द्या, मग दुसरी द्या. एवढंच.

सातवा नियम धोक्याचा आहे. गाठ झाली म्हणून त्या बाजूने पाजणं थांबवलं की दूध तुंबतं, सूज वाढते, गळूपर्यंत जातं. नेहमीप्रमाणे पाजत राहा, थंड शेक द्या, आणि गाठ जोरात चोळू नका. चोळण्याने आतली सूज वाढते. ताप, लालसर तापलेला भाग दिवसभरात उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा; दूध पाजताना चालणारी प्रतिजैविकं आणि पॅरासिटामॉल आहेत. साध्या तापात तर आईच्या दुधातून बाळाला त्या आजाराविरुद्धची प्रतिपिंडंच मिळतात. पाजणं थांबवावं लागतं ते मोजक्या ठिकाणी, जसं कर्करोगाची काही औषधं, किरणोत्सारी आयोडीन. तो निर्णय डॉक्टरांचा. आणि सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन दूध घटवतं, हे मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही.

आठव्या नियमातलं अर्धं खरं मान्य करते. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी, शेपू यांतून त्या मिळतात. अळिवात लोहही चांगलं आहे. आवडीने खा. पण 'दुप्पट' हा दावा खोटा आहे. अशा पदार्थांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २०२० साली आढावा घेतला, त्यात ठाम म्हणावा असा पुरावा निघाला नाही. लाडू खाऊन बाळाला चार तास लांब ठेवलं तर लाडू फक्त आईच्या अंगी लागतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मेथीची पूड विचारून घ्या, साखर उतरते. नववा नियम सोडून द्या. सर्दी विषाणूने होते, दह्याने नव्हे.

काही आयांना खरंच दूध कमी येतं, हेही लिहायला हवं. वारेचा तुकडा आत राहणं, बाळंतपणात फार रक्तस्राव, थायरॉइड, स्तनावर झालेली शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी, बाळाची जखडलेली जीभ. यांवर लाडवाचा उपयोग नाही, तपासणी लागते. तोवर आधी छातीला लावा आणि मग हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे अंगठा आणि बोट ठेवायचं, छातीकडे दाबायचं, चिमटीत घ्यायचं, सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. ते पुरत नसेल तर डॉक्टर सांगतील तेवढं वरचं दूध देण्यात कसलीही लाज नाही, उपाशी बाळ नीट चोखूही शकत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी दवाखान्यात दूधपेढी, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध साठवण्याची सोय, आहे का ते विचारा. आशियातली पहिली मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली.

आणि मेसेज कुणाला पाठवायचाच असेल तर हा पाठवा: पाचव्या दिवसानंतर सहापेक्षा कमी ओले लंगोट, लंगोटावर विटकरी डाग, पाजायला उठवूनही न उठणारं बाळ, पोटरी-तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.