बिशप एकटेच चर्चची जमीन विकू शकतात का?

‘बिशपच्या एका सहीवर चर्चची जमीन विकली जाते, सल्लागार मंडळं नावापुरती’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

पाळकीय मंडळ आणि धर्मगुरूंचं मंडळ सल्ला देतात. सहसा तो बिशपांवर बंधनकारक नसतो, हे मान्य. पण जमिनीची गोष्ट वेगळी. 1983च्या कॅथलिक चर्च कायद्यानुसार प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशात), म्हणजे आपल्या वसईतही, अर्थमंडळ असावंच लागतं. त्यात किमान तीन जाणकार हवेत आणि बिशपांचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत. शिवाय सहा ते बारा धर्मगुरूंचं वेगळं सल्लागार मंडळ असतं. धर्मप्रांताची ठरावीक किमतीवरची स्थावर मालमत्ता विकायची, तर या दोघांचीही संमती लागते. नुसतं विचारणं नव्हे, संमती! ती नसेल तर चर्चच्या कायद्याने व्यवहारच अवैध. किंमत वरच्या मर्यादेपलीकडे गेली की रोमचीही परवानगी लागते.

मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा आपल्या धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) अर्थसमितीत कोण बसतं, ते विचारा. तिथे प्रापंचिकांनाही, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांनाही, जागा असते, आणि ती रिकामी राहते याचंच मला जास्त वाईट वाटतं.