रॅलेहून: वीस वर्षं नक्की कुणाची गेली?

ऑगस्ट आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर २०२१ मध्ये अमेरिकेने वीस वर्षांनी अफगाणिस्तान सोडलं तेव्हाचे काबूल विमानतळाचे ते फोटो परत फिरायला लागतात, धावपट्टीवर विमानाबरोबर पळणारी माणसं वगैरे, आणि त्याखाली ठरलेल्या दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते अमेरिका शेपूट घालून पळाली, व्हिएतनाममधून पळाली तशीच. दुसरी म्हणते अजून पाच-दहा वर्षं थांबायला काय झालं होतं, तालिबानला तिकडेच गुंतवून ठेवलं असतं तर काश्मीरात आपल्याला बरं पडलं असतं. माझा चुलतभाऊ दुसऱ्या पार्टीतला. पुण्यात आयटीत आहे, सैन्याशी संबंध म्हणजे २६ जानेवारीची परेड टीव्हीवर बघणे. मी गेली सोळा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ राहतो आणि खरं सांगायचं तर मला ह्या दुसऱ्या पार्टीचा राग जास्त येतो. पहिल्यांना नुसती मजा घ्यायचीय, ह्यांना दुसऱ्यांची पोरं पाहिजेत आणि तीही फुकट.

आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर फेएटव्हिल, आणि त्याला चिकटून फोर्ट ब्रॅग, अमेरिकन आर्मीच्या ८२व्या एअरबोर्न (म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या) डिव्हिजनचा तळ. (मध्यंतरी नाव बदलून फोर्ट लिबर्टी केलेलं, २०२५ मध्ये परत ब्रॅग केलं, नामांतराची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही.) पोराच्या सॉकर टुर्नामेंटला पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा लक्ष गेलं ते भाड्याच्या गोडाउनांकडे, रस्त्याच्या कडेने पत्र्याच्या शटरांच्या रांगाच रांगा, आणि मी बायकोला म्हटलं ह्या लोकांकडे एवढं सामान येतं कुठून. त्याचं उत्तर नंतर ऑफिसमधल्या एकाकडून मिळालं, तो आधी त्याच तळावर होता. ऑर्डर आली की एकटा जीव अपार्टमेंट सोडतो, उगाच वर्षभर भाडं कोण भरणार, मग सोफा, टीव्ही, गादी, मोटरसायकल सगळं त्या खोलीत कोंबायचं, शटर खाली ओढायचं आणि अफगाणिस्तान. ह्याने हे चार वेळा केलं. त्यातली एक खेप पंधरा महिन्यांची, कारण २००७ मध्ये माणसं पुरेनात म्हणून आर्मीने बारा महिन्यांचे पंधरा केले होते. तिसऱ्या वेळी परत येऊन शटर उघडलं तर उंदरांनी गादी कुरतडून आत संसार थाटलेला. म्हणाला, तिकडे जे काय बघितलं त्याला मी रडलो नाही, त्या गादीपाशी बसून रडलो.

आता हे चाललं होतं तेव्हा तासाभरावर रॅलेत आम्ही काय करत होतो? घरं घेत होतो, ग्रीन कार्डच्या लाइनीत होतो, गणपतीच्या कार्यक्रमाला पुरणपोळ्या कुणी करायच्या ह्यावर भांडत होतो. युद्ध चालू आहे हे कळायचं एअरपोर्टवर. युनिफॉर्ममधला कुणी दिसला की लोक थँक यू फॉर युवर सर्व्हिस म्हणायचे, कधी टाळ्या वाजवायचे आणि लगेच मान खाली घालून फोनमध्ये. ह्यात गोऱ्या-देशी असा फरक नाही हं, मी पण तेच केलंय.

एवढं लांबलं कसं ह्याचं कारण मला ह्यातच दिसतं. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली, त्यामुळे ज्यांच्या घरात परंपरा आहे किंवा ज्यांना कॉलेजचे पैसे पाहिजेत तेच जातात, एकूण लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. वीस वर्षांत साधारण आठ लाख जण अफगाणिस्तानात जाऊन आले, पण तेच तेच परत परत. युद्धासाठी वेगळा टॅक्स लावला नाही, उलट कमी केले, सगळा खर्च कर्जावर. म्हणजे ज्याच्या घरचं कुणी तिथे नाही त्याला हे युद्ध संपलं काय आणि चालू राहिलं काय, एक पैचा फरक पडत नव्हता. अमेरिकन संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, सप्टेंबर २००१ मध्ये युद्धाची परवानगी देणारा जो ठराव केला त्याचा कामाचा भाग जेमतेम साठ शब्दांचा आहे, हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) ४२० विरुद्ध १ मतांनी पास झाला, आणि विरोधात मत देणाऱ्या त्या एकट्या खासदार बार्बरा ली ह्यांना नंतर जिवे मारायच्या धमक्या आल्या. त्या साठ शब्दांवर चार राष्ट्राध्यक्षांनी युद्ध चालवलं. लादेन मे २०११ मध्ये मारला गेला, आणि तोही पाकिस्तानात, तरी पुढे दहा वर्षं.

तिथल्या पुनर्बांधणीचा हिशोब तपासायला ह्यांनीच एक सरकारी तपासनीस नेमला होता, त्याच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट आहे जी मला फार पटते: हे वीस वर्षांचं एक काम नव्हतं, एक-एक वर्षाची वीस कामं होती. नवा अधिकारी यायचा, आधीच्याने काय केलं ते वाचायला त्याला वेळ नसायचा, परत त्याच गावात तीच शाळा, तीच विहीर, तोच चहा, आणि जाताना रिपोर्ट की प्रगती समाधानकारक. ज्याने कुणी आपल्याकडे झेडपीत बदल्यांचा मोसम बघितलाय त्याला हे जास्त समजावून सांगायला नको.

अमेरिकेचे साधारण २,४०० सैनिक गेले. अफगाण सैनिक आणि पोलीस गेले त्याच्या कितीतरी पट, अंदाज साठ हजारांच्या वरचा आहे, आणि तरी १६ ऑगस्ट २०२१ ला बायडेन टीव्हीवर येऊन म्हणाले की अफगाण सैन्य स्वतःसाठी लढायलाच तयार नाही. ते ऐकताना मला लाज वाटली आणि मी तर इथला नागरिकही नव्हतो तेव्हा. दहा दिवसांनी विमानतळाच्या गेटवर बॉम्ब फुटला त्यात तेरा अमेरिकन गेले, त्यातले काही जेमतेम वीस वर्षांचे, युद्ध सुरू झालं तेव्हा पाळण्यात असतील. शेवटच्या विमानात सगळ्यात शेवटी चढला तो ८२व्या एअरबोर्नचा जनरल डॉनह्यू, नाइट व्हिजनमधला तो हिरवा फोटो बघितला असेल तुम्ही. आमच्या फेएटव्हिलचाच माणूस.

चुलतभावाला मी एवढंच विचारलं की २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडे सैन्य मागितलं होतं, वाजपेयींनी नाही म्हटलं, तेव्हा तू खूश होतास की नाही? होता. मग? तो म्हणे ते वेगळं. वेगळं काय, तर तेव्हा पोरं साताऱ्या-कोल्हापूरची गेली असती.

एक मान्य करतो. त्याने काश्मीर सोडून मुलींच्या शाळेचा मुद्दा काढला असता तर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पुण्यात शिकायला येणारी अफगाण मुलं-मुली आपण सगळ्यांनी बघितलीयत, त्यातल्या मुली त्या वीस वर्षांमुळेच शाळेत गेल्या, आणि आता तिकडे सहावीनंतर शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून युनिव्हर्सिटी पण बंद. त्यांना जाऊन सांगू का की माझ्या ऑफिसातल्या माणसाची गादी उंदरांनी खाल्ली? पण अजून दहा वर्षं थांबून काय झालं असतं हेही त्या वीस वर्षांकडे बघून कळतंच की.

ह्या सगळ्यावर मला बोलायचं असतं ते मामांशी. मामा साताऱ्याजवळच्या गावात असतात, फौजेतून रिटायर, शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. आपलंही परक्या देशातलं युद्ध ते, जुलै १९८७ ते मार्च १९९०, बाराशेच्या आसपास जवान गेले, आणि परत आले तेव्हा मद्रासच्या बंदरात मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालासुद्धा आले नाहीत. मामा त्याबद्दल कधी बोलत नाहीत. अडीच-तीन वर्षं चाललेलं आपलं युद्ध आपण इतकं साफ विसरलो की ग्रुपवर दोन्ही पार्ट्यांत एकाच्याही तोंडी ते येत नाही.

गेल्या रविवारी फोन केला. त्यांचं सध्या एकच चालू असतं, अग्निवीर, गावातली दोन पोरं चार वर्षांसाठी गेलीयत आणि चार वर्षांनी काय. मी ऑफिसातल्या त्या माणसाचं सगळं सांगितलं, चार खेपा, पंधरा महिने, गादी. मामांनी नीट ऐकून घेतलं.

"आरं पण पेन्शन बसली का त्याला?"

म्हटलं नाही मामा, गुडघा गेला म्हणून अपंगत्वाचे थोडे पैसे मिळतात, पण पेन्शनला इथे वीस वर्षं भरावी लागतात आणि त्याने चौदाव्या वर्षी सोडली.

"वीस? आमच्यात पंधराला बसती."

मग बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं फोन कट झाला.

"सहा वर्षं काढायची व्हती त्यानं," मामा म्हणाले, आणि जरा थांबून, "न्हाय, बरं केलं सोडलं."