साधा स्प्लिटर आणि एकच डिश: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एका डिशवर दोन-तीन सेट टॉप बॉक्स चालवायला ट्विन एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा डबा; ट्विन म्हणजे दोन बॉक्सना स्वतंत्र वायरी देणारा) किंवा मल्टीस्विच (एका डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना स्वतंत्रपणे वाटणारी पेटी) सुचवून मी लोकांना उगाच खर्चात पाडतो. तुमच्याकडे केबल टीव्हीच्या साध्या स्प्लिटरवर (एका वायरीचे फाटे करणारी डबी) दोन टीव्ही झकास चालतात.

चालत असतील, शंका नाही. पण डिशच्या वायरीतून नुसता सिग्नल खाली येत नाही, बॉक्सकडून वीज वरही जाते आणि युनिव्हर्सल एलएनबीला तीच हुकूम देते. १३ व्होल्ट म्हणजे उभं ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा), १८ म्हणजे आडवं, सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन (खुणेचा सूर) असला तर वरचा बँड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा. एका बॉक्सने १३ दिले आणि दुसऱ्याने १८, तर एलएनबी १८चंच ऐकणार आणि पहिल्या टीव्हीवर ‘नो सिग्नल’. तुमचे दोन्ही टीव्ही एकाच गटातली (एकच ध्रुवीकरण, एकच बँड) चॅनेलं बघतात तोवर भांडण नाही, एवढंच.

जपायचं ते पुढेच आहे. सगळ्या फाट्यांतून वीज जाऊ देणाऱ्या, आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसलेल्या स्प्लिटरमध्ये १८ व्होल्टचा बॉक्स १३ वाल्याच्या तोंडात उलटी वीज ढकलतो. एकाच फाट्यातून वीज सोडणारा स्प्लिटर त्यापेक्षा बरा, पण तो मुख्य बॉक्स बंद केला की आतल्या खोलीतला टीव्हीही गेला. शिवाय केबलचे बरेच स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झपर्यंतचे असतात. डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये येतो, म्हणजे त्याचा बहुतेक भाग त्यांच्या मर्यादेबाहेरच.

दोन बॉक्सना ट्विन, चारांना क्वाड. दुकानदाराने क्वाडऐवजी क्वाट्रो टेकवला तर परत करा. त्याच्या चार वायरींवर चार वेगवेगळे गट कायमचे ठरलेले असतात; तो मल्टीस्विचसाठी असतो, थेट बॉक्सला जोडला तर एका वायरीवर चौथाईच चॅनेलं दिसतात.

आणि अर्थिंग! याबद्दल तुम्ही अवाक्षरही काढलेलं नाही. दोन पिनांच्या ॲडॅप्टरमधून थोडी वीज गळतेच, म्हणून कनेक्टरला हात लावला की झिणझिण्या येतात. एका डिशला चार घरं जोडली की वायरीच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून ही गळती एकत्र होते. गच्चीवर कनेक्टर पिळणारा दचकून तोल गमवेल, एवढी ती पुरेशी असते. म्हणून डिश आणि मल्टीस्विच, दोन्ही इमारतीच्या अर्थिंगला जोडा आणि हात घालण्याआधी सगळ्या बॉक्सचे प्लग काढा. डिशवर थेट कोसळलेली आकाशातली वीज मात्र या अर्थिंगने रोखली जात नाही.

तुमच्या स्प्लिटरवर ‘पॉवर पास’ (वीज जाऊ देणारा) एका फाट्यावर लिहिलंय की सगळ्या, तेवढं बघून कळवा.